युद्धातून, विमान अपघातातून वाचलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' घराजवळच्या रस्त्यावर कसा गेला? नव्या बाईकर्सनी वाचावी अशी गोष्ट

बाईक शिकताना पहिली भीती असते क्लचची. गाडी सिग्नलला बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, आपण घामाघूम. ही भीती आठवड्याभरात जाते. दुसरी भीती उशिरा भेटते. मित्रांसोबत पहिल्यांदा घाटात जाता, एक वळण वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आत वळत जातं, गाडी आपोआप रस्त्याच्या मध्याकडे सरकते, हात घाबरून ब्रेकवर जातो आणि नेमकी तेव्हाच समोरून एसटी येते. त्यातून सुटलो की चहाच्या टपरीवर आपण ते हसत हसत सांगतो. मनात मात्र प्रश्न राहतो, आपलं चुकलं कुठे?

बहुतेकांना वाटतं, गाडी झुकवायला जमली नाही. खरं कारण बऱ्याचदा त्याच्या आधीचं असतं. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं आणि तरी आपण दिसत असल्यासारखे चाललो होतो.

ही एवढी एक गोष्ट समजून घ्यायला आज आपण एका जगप्रसिद्ध माणसाचं आयुष्य बघणार आहोत. त्याच्यावरचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा १९६२ चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डेव्हिड लीन दिग्दर्शक, पीटर ओ'टूल नायक, सात ऑस्कर, आणि एका छोट्या पण लक्षात राहणाऱ्या भूमिकेत आपले आय. एस. जोहर. वाळवंटावरचा हा सिनेमा सुरू मात्र होतो एका मोटरसायकलने. असं का, ते पुढे कळेलच.

सायकलवरून किल्ले बघणारा मुलगा

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉग गावातला. पाच भावांमधला हा दुसरा. त्याच्या आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडील आयर्लंडमधले जमीनदार, पहिलं कुटुंब सोडून आलेले. लॉरेन्स हे आडनावही या नव्या घरासाठी घेतलेलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. पुढे आयुष्यभर या माणसाने नावं बदलली, त्याची सुरुवात एका अर्थाने घरातच झाली होती.

कुटुंब ऑक्सफर्डला स्थायिक झालं. पोराला दोन वेडं होती, जुने किल्ले आणि सायकल. सुट्टीत तो फ्रान्समध्ये जाऊन सायकलवरून मध्ययुगीन किल्ले बघत फिरायचा. १९०८ च्या उन्हाळ्यात तर त्याने सुमारे २४०० मैलांची, म्हणजे जवळपास ३८०० किलोमीटरची चक्कर मारली. पुढच्या वर्षी सीरियात जाऊन धर्मयुद्धांच्या काळातले किल्ले पायी फिरून पाहिले आणि त्यावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला. उंची जेमतेम साडेपाच फूट, पण दम मोठा.

१९११ पासून तो कार्केमिशच्या उत्खननावर काम करत होता. ही जागा आज तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेवर आहे. तिथल्या मजुरांमध्ये राहून तो अरबी शिकला, त्यांच्या चालीरीती शिकला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा असा माणूस ब्रिटिश लष्कराला हवाच होता. त्याची नेमणूक झाली कैरोच्या गुप्तवार्ता विभागात.

पुणे डिव्हिजन, अकाबा आणि दमास्कस

इथे एक धागा आपल्यापर्यंत येतो. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे ब्रिटिशांच्या भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणींचे जवानही होते. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली. एप्रिल १९१६ मध्ये तुर्की सेनापतीशी बोलणी करायला जे मोजके ब्रिटिश अधिकारी पाठवले, त्यांत लॉरेन्स होता. पैसे घेऊन सैन्य सोडा, असा प्रस्ताव होता. तुर्कांनी तो धुडकावला आणि २९ एप्रिलला कुत पडलं.

त्याच वर्षी जूनमध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने तुर्की सत्तेविरुद्ध बंड पुकारलं. लॉरेन्स हुसेनचा मुलगा अमीर फैसल याचा सल्लागार झाला. हेजाझ रेल्वेचे रूळ आणि पूल उडवायचे, तुर्की सैन्याला तळांमध्ये अडकवून ठेवायचं, समोरासमोरची मोठी लढाई टाळायची, अशी ती गनिमी लढाई. मराठी माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

१९१७ मध्ये सुमारे दोन महिने वाळवंट तुडवत अरब टोळ्यांसोबत तो अकाबा बंदराच्या पाठीमागून आला आणि ६ जुलैला बंदर हातात आलं. या मोहिमेतला एक प्रसंग लक्षात ठेवा. अकाबाच्या आधीच्या एका चकमकीत भरधाव उंटावरून गोळ्या झाडताना लॉरेन्सने चुकून स्वतःच्याच उंटाच्या डोक्यात गोळी घातली. उंट कोसळला, हा फेकला गेला, पण वाचला.

१ ऑक्टोबर १९१८ ला दमास्कस पडलं. तोवर पडद्यामागे ब्रिटन आणि फ्रान्सने अरब प्रदेश आपसांत वाटून घ्यायचा करार करून ठेवलेला होता. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवणाऱ्यांमध्ये लॉरेन्स होता आणि या कराराची कुणकुणही त्याला होती. ही बोच त्याला पुढे सुटली नाही. त्याचे दोन भाऊ १९१५ मध्येच युद्धात गेले होते.

मे १९१९ मध्ये तो विमानाने कैरोकडे निघाला होता. रोमला उतरताना विमान कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले, लॉरेन्स हाडं मोडून वाचला. म्हणजे गोळ्यांतून, उंटावरून आणि विमानातून, तिन्हीकडून हा माणूस सुटला होता.

कर्नल झाला साधा शिपाई

इकडे लंडनमध्ये अमेरिकन पत्रकार लोवेल थॉमस पडद्यावर चित्रं दाखवत त्याच्या पराक्रमाचे शो करत होता. शो हाऊसफुल्ल. लॉरेन्स रातोरात सेलिब्रिटी झाला. त्याला ते एकाच वेळी आवडायचं आणि नकोसंही व्हायचं.

मग त्याने जे केलं त्यावर आजही लोक डोकं खाजवतात. ऑगस्ट १९२२ मध्ये या कर्नलने जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने हवाई दलात सर्वांत खालच्या पदावर नोकरी धरली. वर्ष संपायच्या आत पेपरवाल्यांनी शोधून काढलं, नोकरी गेली. १९२३ मध्ये तो टी. ई. शॉ या नावाने रणगाडा दलात भरती झाला. तळ होता डॉर्सेट परगण्यातलं बोव्हिंग्टन. तिथून थोड्या अंतरावर क्लाउड्स हिल नावाची एक पडकी झोपडीवजा कॉटेज त्याने भाड्याने घेतली, डागडुजी केली आणि पुस्तकं नि ग्रामोफोनच्या तबकड्यांनी भरून टाकली. १९२५ मध्ये त्याला पुन्हा हवाई दलात घेतलं.

दिवसभर परेड, साफसफाई, साहेबांची बोलणी. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याच्याकडे एक गोष्ट होती जी बराकीतल्या कुणाकडेच नव्हती.

सात 'ब्रफ सुपीरियर'

नॉटिंगहॅमला जॉर्ज ब्रफ नावाचा गृहस्थ बाईक बनवायचा. त्याच्या ब्रफ सुपीरियर गाड्यांची तुलना थेट रोल्स रॉईसशी व्हायची. त्यातलं एसएस १०० हे मॉडेल म्हणजे कमाल. साधारण १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन आणि ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगाची कंपनीची हमी. ही गोष्ट १९२० च्या दशकातली आहे बरं का!

लॉरेन्सने १९२२ पासून एकामागून एक अशा सात ब्रफ चालवल्या. आठवीची ऑर्डर दिलेली होती. गाडीला त्याने बायबलमधलं एक नाव दिलं होतं, बोअनर्जिस, म्हणजे मेघगर्जनेचे पुत्र. गाड्यांना जॉर्ज पहिला, जॉर्ज दुसरा असे राजांसारखे क्रमांकही होते.

हवाई दलातल्या दिवसांवर त्याने 'द मिंट' हे पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये. त्यात एका संध्याकाळची हकिगत आहे. क्रॅनवेलच्या तळावरून तो बाईकवर निघतो, वर एक ब्रिस्टल फायटर विमान दिसतं, वैमानिक खाली बघून हात करतो आणि लिंकन शहराच्या दिशेने दोघांची शर्यत लागते. विमान आणि बाईक! शर्यत झाल्यावर हा पठ्ठ्या बराकीतल्या मित्रांसाठी खाण्याचं सामान घेऊन परत येतो.

वेग त्याला का हवा होता, यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिलंय. एवढं नक्की की गाडीवर बसलेला लॉरेन्स ना कर्नल असायचा ना शिपाई. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. ज्यांनी एकट्याने लांबचा रस्ता मारलाय त्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तो नवशिका अजिबात नव्हता. गाडीची देखभाल काटेकोर, हात तयार. तरी त्याच्याही गाड्या पडल्या. १९२६ च्या शेवटी हिंदुस्थानात जायच्या आधी लंडनच्या इस्लिंग्टन भागात घसरून त्याने एका ब्रफची पार वाट लावली होती. रस्त्याला तुमचा अनुभव किती वर्षांचा आहे ते कळत नाही.

कराची, मिरानशाह आणि मुंबई बंदर

जानेवारी १९२७ मध्ये तो कराचीला पोहोचला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे लॉरेन्स काही काळ आपल्याच इलाख्यात कारकुनी करत होता! पुढे १९२८ मध्ये वझिरिस्तानातल्या मिरानशाहच्या किल्ल्यात बदली झाली. रिकाम्या वेळात तो होमरच्या 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर करत बसायचा.

याच काळात शेजारच्या अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड उफाळलं आणि पेपरांत वावड्या उठल्या की यामागे वेश पालटलेला लॉरेन्स आहे. सरकारला डोकेदुखी नको होती. जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने घाईघाईने परत पाठवलं गेलं.

इंग्लंडमध्ये शेवटची काही वर्षं त्याने एका वेगळ्याच कामात घालवली. १९३१ मध्ये प्लिमथजवळ हवाई दलाचं एक विमान पाण्यात कोसळताना त्याने पाहिलं. बचावाच्या बोटी संथ होत्या. मग वेगवान बचाव बोटी तयार करण्याच्या आणि त्यांच्या चाचण्यांच्या कामात त्याने स्वतःला झोकून दिलं. वेगाचं वेड इथे माणसं वाचवायच्या कामी आलं.

फेब्रुवारी १९३५ च्या शेवटी तो निवृत्त झाला आणि क्लाउड्स हिलच्या कॉटेजमध्ये राहायला आला. वय ४६.

१३ मे १९३५, सोमवार

त्या सकाळी तो जॉर्ज सातव्यावर बसून बोव्हिंग्टनच्या पोस्टात गेला. एक पार्सल पाठवायचं होतं आणि लेखक मित्र हेन्री विल्यमसनला तार करायची होती. घरापासून अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. रस्ता रोजचा, प्रत्येक खड्डा माहीत असलेला.

परत येताना त्या रस्त्यावर चढ-उतार होते. असा उतार किंवा खळगा आला की त्याच्या पलीकडे काय आहे ते आधी दिसत नाही. त्याच टप्प्यात दोन मुलं सायकलवरून त्याच दिशेने चालली होती. ती दिसली तेव्हा अंतर उरलेलं नव्हतं. त्याने गाडी बाजूला काढली, एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हा फारसं कोणी घालत नसे.

मुलं वाचली. लॉरेन्सच्या कवटीला मार बसला होता. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मेच्या सकाळी गेला. २१ तारखेला मोरटन गावात त्याला पुरलं, तेव्हा गर्दीत विन्स्टन चर्चिलही होते.

वेग किती होता? इथेच खरी गोष्ट आहे

चौकशीत एका सैनिकाने साक्ष दिली की गाडी ताशी ५० ते ६० मैल, म्हणजे ८० ते ९५ किलोमीटरच्या वेगात होती. समोरून एक काळी मोटार आल्याचंही तो म्हणाला. मुलांनी मात्र मोटार पाहिली नव्हती. अपघातानंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सापडली, त्यावरून वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे साधारण ६५ किलोमीटरच्या आत असावा असंही म्हटलं गेलं. काळ्या मोटारीवरून तर कटकारस्थानाच्या कितीतरी गोष्टी निघाल्या. निकाल लागला अपघाती मृत्यूचा.

मोटारीचा वाद इथे बाजूला ठेवूया आणि फक्त एक हिशेब करूया. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद धरू. नंतर आजच्या चांगल्या ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबते असं समजू. मग पूर्ण थांबायला अंदाजे इतकं अंतर लागतं:

- ताशी ४० किमी: सुमारे २१ मीटर
- ताशी ६० किमी: सुमारे ४० मीटर
- ताशी ९० किमी: सुमारे ७७ मीटर

बघा, ४० वरून ६० वर गेलं की वेग दीडपट झाला, अंतर मात्र जवळपास दुप्पट. कारण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. १९३५ चे ड्रम ब्रेक आणि टायर आजच्यापेक्षा कमजोर, म्हणजे तेव्हा अंतर आणखी जास्त.

आता समजा खळग्याच्या पलीकडचं तुम्हाला ३० मीटरवर आल्यावरच दिसणार आहे. मग ९० चा वेग जीवघेणा आहेच, पण ६० सुद्धा जास्त आहे. म्हणजे दोन्ही बाजूंपैकी कोणाचंही खरं मानलं, तरी तो खळगा माफ करणारा नव्हता. आकडा बेताचा वाटला म्हणून तो सुरक्षित होत नाही. पुढे किती दिसतंय, त्यावर सुरक्षित वेग ठरतो.

वळणावर हाच हिशेब कसा लागतो?

लॉरेन्सचा रस्ता वर-खाली होता. आपला घाट डावीकडे-उजवीकडे वळतो. दोन्हीकडे अडचण एकच: पुढचा रस्ता लपलेला असतो. वळणावर भर एवढीच की तिथे थांबणंही कठीण होतं, कारण टायर आधीच वळण्यात गुंतलेला असतो. टायरची पकड मर्यादित असते. ती वळायला वापरली की ब्रेकसाठी कमी उरते. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक घाबरून दाबला की गाडी एक तर उभी राहून सरळ जाते, नाहीतर खालून निसटते.

समजा ३० मीटर त्रिज्येचं एक वळण आहे. ताशी ४० ने ते घेताना गाडी सुमारे २३ अंश झुकते. बरंच सोपं. तेच वळण ६० ने घ्यायचं तर सुमारे ४३ अंश झुकावं लागतं. साध्या टायरवर, खडी किंवा सांडलेलं ऑइल असलेल्या रस्त्यावर ही जवळपास शेवटची मर्यादा आहे. वळण तेच, फक्त २० किलोमीटरचा फरक. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने या गोष्टी अंगवळणी पाडाव्यात:

१. ब्रेक वळणाच्या आधी. गाडी सरळ उभी असतानाच वेग कमी करा, गिअर उतरवा. वळणात शिरल्यावर हलका, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर. वेग जास्त कमी झाला तर काही बिघडत नाही, वळण संपल्यावर वाढवता येतो. जास्त राहिला तर मात्र पर्याय कमी.

२. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळतात तिथे बघा. वळणावर डावी आणि उजवी कड लांबवर एकत्र आल्यासारखी दिसते. तो बिंदू तुमच्याकडे सरकतोय असं वाटलं तर वळण घट्ट होतंय, वेग कमी करा. स्थिर असेल तर वेग तसाच ठेवा. दूर पळू लागला की वळण उघडतंय. ब्रिटिश पोलिसांच्या रायडर्सनाही हेच शिकवतात.

३. जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल. समोरच्या ट्रककडे किंवा दरीच्या कठड्याकडे टक लावून बघितलं की आपण नकळत तिकडेच जातो. मान वळवून वळणाच्या पुढच्या टोकाकडे बघा.

४. हँडल ढकलून गाडी झुकवा. चालण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगात असताना डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी डावीकडे झुकते. उजवीकडे जायचं तर उजवं. याला काउंटर-स्टीअरिंग म्हणतात. आपण सगळे ते नकळत करतोच. जाणीवपूर्वक करायला एखाद्या मोकळ्या मैदानात शिका. वळण अचानक आत वळलं तर हीच सवय वाचवते.

५. आपल्या लेनमध्ये जागा राखून ठेवा. आपण डाव्या बाजूने चालवतो. डाव्या वळणावर वेग जास्त झाला की गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. उजव्या वळणावर ती रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे कच्च्यात किंवा दरीकडे जाते. डाव्या वळणावर आपल्या लेनमध्ये थोडं उजवीकडे राहिलं तर पुढचं लवकर दिसतं, पण मधल्या रेषेला चिकटू नका. समोरचा ट्रक रेषा ओलांडून येऊ शकतो.

आणि या सगळ्यांच्या वरचा नियम: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. वळणाच्या पलीकडे बंद पडलेला टेम्पो आहे, म्हशी आहेत किंवा सायकलवर दोन मुलं आहेत, असं धरूनच चालायचं. रोजच्या रस्त्यावर तर जास्तच. सवयीच्या रस्त्यावर आपण डोळ्यांनी बघत नाही, आठवणीने बघतो. आठवणीत मुलं नसतात.

त्याच्या खाटेजवळ उभा असलेला डॉक्टर

त्या सहा दिवसांत लॉरेन्सवर उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये मेंदूचे एक तरुण सर्जन होते, ह्यू केर्न्स. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते लॉरेन्सला वाचवू शकले नाहीत. पुढे त्यांनी बाईकस्वारांच्या डोक्याच्या दुखापती हा अभ्यासाचा विषय केला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा निरोप पोहोचवणारे लष्कराचे बाईकस्वार मोठ्या संख्येने मरत होते. शत्रूच्या गोळीने नाही, रस्त्यावरच्या अपघातात. ऑक्टोबर १९४१ मध्ये केर्न्स यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ बाईकस्वार आणि मागे बसणारे रस्ते अपघातांत गेले होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त स्वार केर्न्स यांना फक्त सात सापडले. सातही जण जिवंत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. मृत्यू कमी झाले, ते केर्न्स यांनी पुढच्या लेखांत आकड्यांनिशी दाखवलं. ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडलं. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेच सांगतं, ज्याचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो.

अजून एक गोष्ट. ब्रिटनमध्ये नव्या चालकांना ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. लॉरेन्स गेला त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत.

जाता जाता

हेल्मेट डोकं वाचवतं, पण वळणापलीकडचं दाखवत नाही. ते काम डोळ्यांचं आणि उजव्या मनगटाचं. लॉरेन्सकडे त्या काळातली सर्वांत भारी बाईक होती, अनुभव होता, हिंमत होती आणि घर हाकेच्या अंतरावर होतं. कमी पडले ते काही मीटर.

त्याची ती बाईक दुरुस्त करून आजही जपून ठेवलेली आहे. आपल्याला मात्र पुढच्या वळणाच्या अलीकडे अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडायचा आहे, बस्स. ग्रुपमध्ये शेवटी पोहोचलात तर मित्र चिडवतील. चिडवू द्या, चहा तेवढा गरम सांगा!

तुम्ही घाटात चालवायला कसे शिकलात? पहिलं वळण चुकलं तेव्हा काय झालं होतं? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ज्या मित्राने नुकतीच नवी बाईक घेतली आहे, त्याला हा लेख आजच पाठवा.